तुमच्या गल्लीचा स्कोअर किती?

शहराचा नंबर पेपरात छापून येतो. पण आपल्या गल्लीचा नंबर कोण काढणार? हातात टेप, मोबाइल आणि एक वही घेऊन मी चार रविवार कोथरूडमधल्या आमच्या गल्लीत फिरले. त्याचीच ही गोष्ट… आणि शेवटी तुमच्यासाठी एक छोटीशी टेस्ट!

ऑगस्ट २०१८. नांदेडहून पुण्यात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. नवी नोकरी, गळ्यात नवं आयकार्ड आणि कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडायचं रोजचं टेन्शन. त्या दिवशी हिंजवडीहून येताना बस चांदणी चौकात अशी अडकली, की ड्रायव्हरने इंजिनच बंद करून टाकलं. तेवढ्यात बाबांचा फोन.

'अगं, ऐकलंस का? राहायला देशातलं एक नंबर शहर म्हणजे पुणे! सरकारनेच जाहीर केलंय.'

मी खिडकीबाहेर पाहिलं. पुढे बस, मागे बस आणि मध्ये राँग साइडने घुसलेला एक टेम्पो. 'हो बाबा,' मी म्हटलं, 'एकदम एक नंबर!'

बाबांचं बरोबरच होतं म्हणा. केंद्र सरकारच्या 'ईझ ऑफ लिव्हिंग' यादीत १११ शहरांमध्ये पुणे खरंच पहिलं आलं होतं. दुसरी नवी मुंबई, तिसरी बृहन्मुंबई. मार्च २०२१मध्ये पुढची यादी आली आणि दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरूने आपल्याला मागे टाकलं. त्यांना ६६.७० गुण, आपल्याला ६६.२७. त्या दिवशी आमच्या बंगळुरूच्या टीमने ऑफिसच्या ग्रुपवर आम्हाला काय काय ऐकवलं, ते विचारूच नका!

आम्हीही सोडलं नाही. मिसळ विरुद्ध डोसा, टेकडी विरुद्ध तलाव… पाव टक्का, अर्धा टक्का यांवरून तावातावाने भांडलो. पण माझ्या घरापासून अकरा फुटांवर काय चाललंय, ते मोजावं असं काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अकरा फूट, बारा तास

अकरा फूट म्हणजे माझ्या दारापासून समोरच्या काकूंच्या दारापर्यंतचं अंतर. (नंतर टेप लावून मोजलंय, म्हणून इतक्या खात्रीने सांगतेय.) काकू ७४ वर्षांच्या. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सॅन होजेला. आमचं नातं जिन्यातलं. 'आज लवकर?' 'हो काकू.' 'जेवलीस का गं?' 'हो काकू.' संपलं. चार वर्षं समोरासमोर राहून आमच्यात एवढंच बोलणं!

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला एक बुधवार. वर्क फ्रॉम होम होतं. सव्वाआठला बेल वाजली. दारात कचरा न्यायला येणाऱ्या मावशी. मला वाटलं, ओला-सुका नीट वेगळा केला नाही म्हणून आता बोलणी खावी लागणार. पण मावशींचा चेहरा वेगळाच होता.

'ताई, समोरच्या आजींची बादली बाहेर नाही आज. इतकी वर्षं येते मी, त्यांची बादली एक दिवस चुकत नाही. गावाला जायचं असलं तर आधी सांगून ठेवतात. दोनदा बेल मारली, आवाज नाही. तुम्ही बघता का जरा?'

आदल्या रात्री नऊच्या सुमाराला काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला. त्यांनी हाका मारल्या. बराच वेळ मारल्या. त्या वेळी मी काय करत होते? हेडफोन लावून वेब सिरीजचे तीन एपिसोड संपवत होते.

किल्लीवाल्याला शोधून दार उघडेपर्यंत सकाळचे नऊ वाजले. बारा तास. काकू शुद्धीवर होत्या. मला बघून त्यांनी पहिलं वाक्य काय म्हणावं? 'तुझी मीटिंग असेल ना गं?'

ऑपरेशन झालं. काकू आता वॉकर सोडून काठीवर आल्यात, ठणठणीत आहेत. पण एक प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. एक नंबर, दोन नंबर ठरवताना हे बारा तास कुठल्या कॉलममध्ये धरतात?

याद्या काय मोजतात?

म्हणून मी ती यादी नीट वाचली. दुसऱ्या यादीत १०० पैकी ३५ गुण जीवनमानाला होते. त्यात घर, पाणी, शाळा, आरोग्य, प्रवास, सुरक्षितता असं सगळं. पैसा-रोजगाराला १५, पर्यावरण आणि संकटं झेलण्याच्या तयारीला २० आणि लोकांना स्वतःला काय वाटतं, याला ३०. त्यासाठी देशभरातल्या ३२ लाखांहून जास्त लोकांना विचारलं होतं.

म्हणजे यादी काही उगाच केलेली नाही. नळाला पाणी किती, हॉस्पिटलं किती, हे कोणी तरी मोजायलाच हवं. गंमत अशी आहे, की आकडा अख्ख्या शहराचा असतो आणि आपण राहतो गल्लीत. माझ्या आणि आमच्या सीईओच्या पगाराची सरासरी काढली, तर मीही श्रीमंतच निघेन. बँक मला त्यावर लोन देईल का?

मग वाचता वाचता अमेरिकेतलं सिएटल सापडलं. १९९०च्या दशकात तिथल्या नागरिकांनी एकत्र येऊन ठरवलं, की आपल्या शहराचं बरं चाललंय की नाही, हे आपणच मोजायचं. त्यांच्या यादीतली एक गोष्ट मला फार आवडली. अंडी घालायला समुद्रातून परत ओढ्यांमध्ये येणारे सॅमन मासे! ते परतले, म्हणजे पाणी स्वच्छ, काठावरची झाडं जाग्यावर, ओढा जिवंत. एक मासा मोजला, की दहा गोष्टी आपोआप कळल्या.

मग आमच्या गल्लीचा 'सॅमन' कोणता? ऑफिसमधली एक मैत्रीण आमच्याच गल्लीत राहते. तिला पकडलं, एक्सेल शीट उघडली आणि आम्ही कामाला लागलो.

रविवार पहिला : कुल्फी टेस्ट

सुरुवात फूटपाथपासून. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने वस्तीतल्या फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता जातील एवढी. आमच्या बिल्डिंगपासून चौकातल्या वाण्यापर्यंत २६० पावलं होतात. त्यात एवढा रुंद फूटपाथ सलग किती मिळाला? ४० पावलं! पुढे विजेचा डीपी, मग तीन स्कूटर, मग कोणाच्या तरी हौसेच्या कुंड्या. काकू संध्याकाळी फिरायला रस्त्याच्या मधून का जायच्या, ते तेव्हा कळलं.

परदेशात वस्ती जोखायची एक मजेदार टेस्ट आहे, 'पॉप्सिकल टेस्ट'. आठ वर्षांचं मूल एकटं दुकानात जाऊन आइसकँडी घेऊन ती वितळायच्या आत घरी येऊ शकतं का? येत असेल, तर दुकान जवळ आहे, रस्ता सुरक्षित आहे आणि आई-बाबांचा आजूबाजूच्या लोकांवर विश्वास आहे. एका कुल्फीत तीन उत्तरं!

खालच्या मजल्यावर तिसरीतला एक हीरो राहतो. त्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, 'एकटा? वेडी आहेस का गं?' शेवटी आम्ही दोघी वीस पावलं मागून चालणार, या अटीवर परवानगी मिळाली. पठ्ठ्या परत आला तेव्हा अर्धी कुल्फी कोपरावरून ओघळत होती. जाऊन-येऊन लागली बारा मिनिटं, त्यातली सहा नुसती चौक ओलांडायची वाट बघण्यात. दुकान पास, चौक नापास!

रविवार दुसरा : आवाज कुणाचा?

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणजे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, पण अंदाज येतो. रात्री अकराला माझ्या बाल्कनीत आकडा ६०च्या आसपास नाचत होता. दर दोन मिनिटांनी हॉर्न. नीट बघितलं, तर कारण साधं होतं. कोपऱ्यावर दोन गाड्या कायम उभ्या, त्यामुळे वळणाऱ्याला पुढचं दिसतच नाही. मग तो हॉर्न वाजवणारच ना!

हवेचंही असंच. बारीक धुळीचा, म्हणजे पीएम २.५ चा आकडा आपण फोनवर रोज बघतो. भारताच्या नियमाने वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. पण फोनवरचा आकडा त्या भागातल्या मोजणी केंद्राचा. आमच्या कोपऱ्यावर रात्री पेटणारा पालापाचोळा त्याला कुठून दिसणार? तो आपल्याच नाकाला कळतो. तेही वहीत लिहिलं.

रविवार तिसरा : गाड्या जास्त, दोस्त कमी

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या प्राध्यापकांनी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. तिन्ही रस्ते दिसायला सारखेच, फरक फक्त गाड्यांचा. एकावर दिवसाला २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर? एकसुद्धा पूर्ण नाही, ०.९! ओळखीचे लोक ६.३ वरून ३.१ वर आलेले. 'तुमचं घर कुठपर्यंत, ते नकाशावर दाखवा,' असं सांगितलं, तर शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला. गर्दीच्या रस्त्यावर 'आपलं' दाराशीच संपत होतं.

आम्ही संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं उभं राहून गाड्या मोजल्या. २१२. मग चोवीस घरांच्या बेल वाजवून एकच प्रश्न विचारला : गल्लीतल्या किती जणांना तुम्ही नावाने ओळखता?

माझं स्वतःचं उत्तर होतं दोन. त्यातला एक वायफायवाला! भाड्याने राहणाऱ्या आम्हा बहुतेक सगळ्यांचं हेच. कोणी एक, कोणी तीन. काकूंना विचारलं, तेव्हा त्या पलंगावर बसून व्यायाम करत होत्या. बोटांवर मोजत मोजत एकतीसवर पोचल्या. 'आणि तो इस्त्रीवाला राहिला गं!' बत्तीस.

हा आकडा लिहिला आणि माझा पेन थांबला. बत्तीस जणांना ओळखणारी बाई बारा तास एकटी पडून होती. म्हणजे नुसती ओळख पुरत नाही. मग काय पुरतं?

रविवार चौथा : तुमची आठवण कोणाला येईल?

याचं उत्तर मला शिकागोत मिळालं. जुलै १९९५मध्ये तिथे भयंकर उष्णतेची लाट आली. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ लोक जास्त मेले. त्यातले कित्येक म्हातारे, एकटे, बंद दाराआड. एरिक क्लायननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्यावर २००२मध्ये 'हीट वेव्ह' हे पुस्तक लिहिलं. त्यात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना आहे : नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे ऊन तेच. गरीब आणि एकटे राहणारे म्हातारे यांचं प्रमाणही जवळपास सारखं. तरी पहिल्या वस्तीत लाखामागे ४० माणसं गेली आणि दुसरीत फक्त ४.

फरक कशाचा? नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने, दुकानं बंद पडली होती, प्लॉट ओसाड होते, मारामाऱ्यांच्या भीतीने म्हातारी माणसं दाराबाहेर पडत नव्हती. साउथ लॉनडेलच्या रस्त्यांवर दुकानं होती, वर्दळ होती. लोक भाजीला, ब्रेडला रोज खाली उतरायचे. कोणी दिसलं नाही, तर कोणाला तरी ते जाणवायचं.

मला एकदम आमची बादली आठवली. आमच्या गल्लीचा 'सॅमन' तीच होती की! दारोदारचा कचरा किती टक्के घरांतून उचलला जातो, हे याद्या मोजतात. पण कुठल्या दाराबाहेर रोज कोणती बादली असते, हे डोक्यात ठेवणाऱ्या बाईचे मार्क कुठे धरायचे? पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी केली. त्यातूनच निघालेली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था २००८पासून महापालिकेबरोबर घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागली. त्यातल्या बहुतेक बायका. आपण त्यांना कचऱ्यासाठी पैसे देतो. आमच्या मावशींनी त्या सकाळी जे केलं, ते कुठल्याच पावतीवर नाही.

मग चौथ्या रविवारी चोवीस घरांत दुसरा प्रश्न विचारला : तुमचं दार उघडलं नाही, तर पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल आणि किती वेळाने?

जुन्या लोकांची उत्तरं पटापट आली. दूधवाला, सकाळी सहा. फुलपुडीवाला, साडेसहा. कचरेवाल्या मावशी, आठ. आणि आमच्या वयाची मंडळी? तिसऱ्या गल्लीतल्या तीन मुलांच्या फ्लॅटमधला एक जण हसून म्हणाला, 'बॉस! सकाळी दहाच्या स्टँडअपला दिसलो नाही, की लगेच फोन येतो.'

'आणि शुक्रवारी रात्री काही झालं तर? बाकीचे दोघं गावाला गेले असतील तर?'

तो हिशेब करायला लागला. शनिवार. रविवार. सोमवारी दहा. त्याचं हसू हळूहळू गेलं. माझं उत्तरही तेच होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

मग आम्ही केलं काय?

फार काही नाही, पण केलं. मजल्यावरच्या घरांनी एकमेकांकडे जादा किल्ली ठेवली. पंधरापैकी अकरा घरं तयार झाली; चार जण म्हणाले, 'विचार करून सांगतो.' (पुणेकर आहेत, करू दे विचार.) कोपऱ्यावरच्या गाड्यांच्या मालकांना जाऊन भेटलो. एक गाडी हलली, दुसरी अजून तिथेच आहे. हॉर्न निम्मे झाले, असं माझे कान म्हणतात.

गेटजवळ बाक टाकायचा म्हटलं, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीड तास चर्चा! 'टवाळ पोरं येऊन बसतील,' असं सेक्रेटरी काकांचं म्हणणं. काकू काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, 'बसू देत हो. मी हाका मारल्या, तर ती पोरं तरी ऐकतील.' ठराव पास. चौकातल्या क्रॉसिंगचा अर्जही तयार आहे. नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत पुणे महापालिकेत २००६मध्ये सुरू झाली, हे आमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? चोवीस घरांत दोघांना!

परवा मी उशिरा उठले, बादली ठेवायची राहिली. सव्वाआठला बेल वाजली. दारात मावशी.

'ताई, बरं आहे ना?'

खरं सांगते, ६६.२७ गुण मिळाल्यावर बंगळुरूशी भांडताना जेवढी कॉलर ताठ झाली नव्हती, तेवढी त्या एका प्रश्नाने झाली.

तुमची टेस्ट!

प्रत्येक 'हो'ला एक गुण. चीटिंग नको!

१. तुमच्या गल्लीतल्या पाच जणांना तुम्ही नावाने ओळखता का?
२. समोरच्या घरात कोण कोण राहतं, हे तुम्हाला माहीत आहे का?
३. आठ वर्षांचं मूल एकटं जाऊन न वितळलेली कुल्फी आणू शकतं का?
४. काठी टेकत चालणारी व्यक्ती रस्त्यावर न उतरता वाण्यापर्यंत जाऊ शकते का?
५. पैसे खर्च न करता दहा मिनिटं टेकायला गल्लीत जागा आहे का?
६. रात्री अकरानंतर खिडकी उघडी ठेवून झोप लागते का?
७. कचरा न्यायला येणाऱ्या ताई-मावशींचं नाव तुम्हाला माहीत आहे का?
८. शनिवारी तुमचं दार उघडलं नाही, तर रविवारच्या आत कोणाच्या तरी लक्षात येईल का?

६ ते ८ : क्या बात है! तुमच्या गल्लीत भाड्याने फ्लॅट आहे का एखादा?

३ ते ५ : आमच्याएवढेच. एक बाक आणि चार जादा किल्ल्या, एवढ्यावर सुरुवात करा.

० ते २ : पेपर खाली ठेवा, हेडफोन काढा आणि समोरची बेल वाजवा. निमित्त हवं असेल तर साखर मागा. पण आठव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, बेल आजच वाजवा.